नागपुरातला मेपल

नागपुरात जपानी मेपल लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गच्चीवर नाही, बाल्कनीत नाही, बेसा-मनीषनगरच्या नव्या बंगल्यापुढे तर नाहीच. आता एवढं ठाम बोललोय म्हटल्यावर कारणं द्यायला हवीत. ती देतो, आणि शेवटी त्याच्या जागी काय, तेही सांगतो. शनिवार आहे, घाई कुणाला आहे?

आधी हे मान्य करू, की झाड अप्रतिम आहे. एसर पामेटम हे त्याचं शास्त्रीय नाव, १७८४ साली थुनबर्ग नावाच्या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाने दिलेलं. पामेटम म्हणजे तळहातासारखं. जपानी लोकांना मात्र त्या पानात तळहात दिसला नाही, बेडकाचा पंजा दिसला. त्यांच्या भाषेतला 'काएदे' हा शब्द बेडूक आणि हात यांच्या जोडीतून आला आहे. (मला बेडूकच जास्त पटतो.) गेल्या तीन-चारशे वर्षांत त्यांनी निवड करकरून ह्या एका झाडाचे हजारावर प्रकार तयार केले. कुणाचं पान पाच बोटांचं, कुणाचं धाग्यासारखं चिरलेलं, कुणाची पानं गळली की सालच पोवळ्यासारखी लाल. १९७८ साली व्हर्ट्रीस नावाच्या अमेरिकन माणसाने फक्त ह्या झाडावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या नव्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. नोव्हेंबरात क्योटोला लोक ही पानं बघायला घराबाहेर पडतात, त्याला त्यांच्याकडे 'मोमिजीगारी' म्हणतात. म्हणजे शब्दशः लाल पानांची शिकार!

आपल्यापैकी बऱ्याच जणांची ह्या झाडाशी ओळख जपानमुळे होत नाही, ऑनसाइटमुळे होते. अमेरिकेत न्यू जर्सी म्हणा, सिॲटल म्हणा, दर चौथ्या घरापुढे लॉनच्या कोपऱ्यात एक बुटकं लाल झाड असतं. सुरुवातीला आपण विचारतो, हे काय? मग ऑक्टोबर येतो आणि विचारायची गरज राहत नाही. पोर्टलंडच्या जपानी बागेत तर असं एक मेपल आहे, की त्याच्याखाली आडवं पडून फोटो काढायला लोक रांग लावतात. मग माणूस परत येतो, मिहानच्या बाजूला घर घेतो, आणि त्याला वाटतं, आपल्याही दारात असावं एक. ह्या इच्छेला मी हसत नाही. परदेशातून लोक चॉकलेटं आणतात, सेलफोन आणतात; कुणाला एक झाड आणावंसं वाटलं तर तो माणूस चांगलाच म्हणायचा.

आमच्या टीममधल्या एका मुलाला असंच वाटलं. त्याने ऑनलाइन रोप मागवलं. खोक्यात वीतभर काडी आली, तिला चार पानं. पहिला पावसाळा त्याने मजेत काढला. दिवाळीनंतर पानं लाल होतील म्हणून हा रोज फोटो काढायचा. पानं लाल झाली नाहीत, कडेने तपकिरी होत गेली आणि तशीच लटकून राहिली. फेब्रुवारीत एका फांदीला कोंब फुटले, दुसरीला नाही. एप्रिलमध्ये त्याने कुंडी उचलून कूलरसमोर ठेवली. नर्सरीवाल्याने सल्लाच तसा दिला होता म्हणे, 'भाऊ, थंड्या देशातलं झाड हाय हे, कूलरपाशी ठेवजा.' मे महिन्यात काडी उरली. आणि ऑफिसात सगळ्यांनी एकमताने निष्कर्ष काढला: उन्हाळ्याने मेलं.

माझा वाद नेमका इथे सुरू होतो. उन्हाळ्याने मेलं हे अर्धंच खरं आहे. ते हिवाळ्याने मेलं. म्हणजे, न झालेल्या हिवाळ्याने.

क्योटो काही थंड हवेचं ठिकाण नाही. तिथे ऑगस्टमध्ये ३७-३८ अंश सर्रास होतात, २०१८ च्या जुलैत तर ३९.८ पर्यंत पारा गेला होता. तरी मेपल तिथे शतकानुशतकं उभे आहेत. पण क्योटोचा जानेवारी बघा, सरासरी तापमान ५ अंशांच्या आसपास. आपला जानेवारी सरासरी २० च्या वर. पहाटे १२-१३, दुपारी स्वेटर कमरेला. हो, २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले, आणि आपण सगळ्यांनी आठवडाभर त्याचंच कौतुक केलं. पण ती एक पहाट होती. मेपलला तशा पहाटा नाही, तसे दिवस-रात्र लागतात, आणि काही आठवडे सलग.

कशाला लागतात? आपल्या भाषेत सांगायचं तर मेन्टेनन्स विंडो. दिवस लहान व्हायला लागले की झाड पानांतलं हिरवं द्रव्य मोडून त्यातला नत्र खोडाकडे मुळांकडे ओढून घेतं, पानाच्या देठाशी एक बुचासारखा थर तयार करतं, पान टाकून देतं आणि कळ्या बंद करून झोपतं. ही झोप नुसती थंडी आहे म्हणून नसते. कळ्यांच्या आत एक कुलूप असतं, आणि ते सोसलेल्या थंडीच्या तासांनी उघडतं. साधारण ० ते ७ अंशांमधले तास झाड मोजत बसतं. हिशेब पुरा झाला की मगच वसंतातल्या उबेला ते ओ देतं. हिशेब पुरा झाला नाही, तर ऊब येऊनही निम्म्या कळ्या बंदच राहतात. उरलेल्या उशिरा, अर्धवट, वाटेल तशा फुटतात. साठवलेली शिदोरी त्यात खर्च होते. दुसऱ्या वर्षी आणखी कमी कळ्या. ज्या सर्व्हरला कधी खालीच येऊ दिलं नाही, तो ज्या दिवशी कोसळतो त्या दिवशीच्या ट्रॅफिकला दोष देण्यात काय अर्थ?

आणि मग अशा अर्धमेल्या झाडावर आपला मे येतो. पारा ४५, हवा कोरडी ठक्क, आणि दुपारची ती झळ. २३ मे २०१३ ला ४७.९ होतं, आठवतंय? (३० मे २०२४ ला एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं होतं; हवामान खात्याने नंतर सांगितलं की सेन्सर बिघडलाय. तोवर अर्ध्या गावाने स्क्रीनशॉट पाठवून झाले होते.) मेपलचं पान कागदासारखं पातळ, त्याची मुळं उथळ आणि तंतूसारखी. पान जेवढं पाणी उडवतं तेवढं मुळं वर चढवू शकत नाहीत, म्हणून कडा करपतात. त्यात आपलं कुंडीतलं पाणी क्षारांचं, आणि माती काळी, अल्कधर्मी, ओली झाली की फुगणारी, वाळली की भेगाळणारी. ह्याला हवी किंचित आम्ल आणि पाणी झरझर निचरणारी. म्हणजे एकही गोष्ट जुळत नाही. पत्रिका बघून लग्न करणाऱ्यांनी तरी हे बघायला हरकत नव्हती!

लाल रंगाचंही तेच. शरद ऋतूतला तो लाल रंग पानात आधीपासून लपलेला नसतो, झाड तो शेवटच्या दिवसांत मुद्दाम तयार करतं. स्वच्छ ऊन, गार रात्री, पानात अडकलेली साखर, ह्यातून अँथोसायनिन बनतं. आपल्या ऑक्टोबरच्या रात्री गार नसतात. 'ब्लडगुड'सारखे जे प्रकार उन्हाळाभर लाल राहतात म्हणून विकले जातात, तेही कडक उन्हात हिरवट-तांबूस होतात. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते मिळतच नाही.

बियांबद्दल दोनच वाक्यं. निळ्या मेपलच्या बिया म्हणून जे पाकीट ऑनलाइन मिळतं, त्याच्या नादी लागू नका, निळा मेपल ह्या पृथ्वीवर नाही. आणि खऱ्या बिया मिळाल्या तरी त्यांना ओल्या रेतीत घालून तीनेक महिने फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, आणि एवढं करून उगवलेलं रोप आईसारखं निघेल ह्याचीही खात्री नसते. नावाजलेले प्रकार कलमाने करतात.

ज्यांना तरीही करायचंच आहे, त्यांच्यासाठी: बोन्साय करा, मातीच्या पसरट कुंडीत, जाडसर भरड मिश्रणात. फक्त सकाळचं ऊन, फेब्रुवारी ते जून दुहेरी हिरवी जाळी, वर पालापाचोळ्याचं आच्छादन, पावसाचं साठवलेलं पाणी. आणि डिसेंबर-जानेवारीत कुंडीच्या कुंडी फ्रिजमध्ये. थट्टा नाही, गरम प्रदेशातले बोन्सायवाले खरंच असं करतात. पानं गळलेल्या झाडाला अंधाराचं काही वाटत नाही. तुमच्या घरी भाजीच्या कप्प्यावरून काय बोलणी होतील ती तुमची तुम्ही बघा. पण हे रोप वाढवणं नाही, आयसीयू चालवणं आहे. लाइट गेली की जीव टांगणीला. खरंच हौस असेल तर सिमला-मसुरीकडे घर असलेला मित्र शोधा. त्या डोंगरात मेपलचे आपले भारतीय भाऊबंद जंगलात वाढतात, तिथे हाही रमतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल, हा गडी 'देशी झाडंच लावा' म्हणणाऱ्यांतला. अजिबात नाही. गुलमोहर मादागास्करचा आहे आणि नागपूरच्या मे महिन्यात त्याच्याइतकं खुशीत कुणीच नसतं. आपला संत्रा तरी इथला कुठे? दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळात तो बाहेरून इथे आला असं सांगतात. आज त्याला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्थाही आपल्याच गावात. झाडाचा पासपोर्ट बघायचा नाही, त्याचं वेळापत्रक बघायचं. काटोल-नरखेडकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, संत्र्यालाही बहर धरायच्या आधी झोप लागते. फक्त ती थंडीनेच यावी असा त्याचा हट्ट नाही. मृग बहर घ्यायचा तर उन्हाळ्यात पाणी तोडतात, झाडाला ताण देतात, ते सुकल्यासारखं होऊन थांबतं, आणि मृगाच्या पावसाने ताण सुटला की फुलावर येतं. थंडी नाही तर तहान. इथल्या हवेत जी झाडं टिकली, त्यांनी हा बदल करून घेतलाय. मेपलला तहानेची भाषा कळत नाही, एवढाच त्याचा दोष.

आणि हे एकदा लक्षात आलं, की नागपूरच्या आसपासचं जंगल वेगळंच दिसायला लागतं. आपल्याकडे पानगळ नाही असं आपण समजतो, कारण शाळेच्या पुस्तकातली पानगळ थंडीतली असते. अहो, आहे ना! फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाणी आटायला लागलं की. रामटेक ओलांडून पेंचकडे जा, सागाचा खराटा झालेला असतो, पायाखाली पापड मोडल्यासारखी पानं वाजतात. लोक म्हणतात जंगल वाळलं. ते वाळलेलं नसतं, आपली मेन्टेनन्स विंडो घेत असतं.

आणि त्या खराट्यांच्या मधोमध, मार्चच्या आसपास, एखादं झाड लाल असतं. पळस नव्हे. पळसाचं केशरी सगळ्यांना माहीत आहे, आणि ती फुलं. हे झाड पानांनी लाल असतं. कोवळी, तकतकीत, किरमिजी पानं, अख्खा घेर भरून, आणि मागून ऊन आलं की पेटल्यासारखी. पहिल्यांदा बघणारा गाडी थांबवून विचारतो, हे मेपल इथे कुणी लावलं?

ते कुसुंब. कुणी कोशिंब म्हणतात, जंगलाकडे कुसुम किंवा कोसम ऐकू येतं. (करडईच्या फुलाचा कुसुंबी रंग तो वेगळा, घोळ करू नका.) पेंचमध्ये आहे, नागझिऱ्यात आहे, गडचिरोलीत तर आहेच. लाखेचा किडा ह्याच्यावर पोसला की जी लाख मिळते, ती कुसमी लाख उत्तम मानतात. बियांचं तेल निघतं. जूनच्या सुमाराला आंबटगोड फळं येतात, ती पोरं खातात, माकडं त्याआधी खातात.

आता ह्या सगळ्या लेखाचं मूळ सांगतो. जुन्या पुस्तकांत मेपलचं स्वतःचं वेगळं कुळ होतं. नंतर जनुकांवरून झाडांची वंशावळ नव्याने मांडली गेली, आणि मेपल रिठ्याच्या कुळात गेला. रिठा, लिची, मेपल, आणि कुसुंब, सगळे एकाच कुळातले. म्हणजे आपण ज्याच्यासाठी जपानकडे, ओरेगॉनकडे डोळे लावून बसलोय, त्याचा भाऊबंद नागपूरपासून दीड-दोन तासांवर उभा आहे. रंगद्रव्यही तेच, अँथोसायनिन. फरक एवढाच की मेपल दुकान बंद करताना लाल होतो आणि कुसुंब उघडताना. ह्याची कोवळी पानं आधी लाल येतात, हिरवं द्रव्य मागाहून भरतं. तोवर त्या पानांत किड्यांनी खावं असं फारसं काही नसतं. आठवडा-दोन आठवड्यांत रंग उतरतो, तांबूस, पोपटी, मग हिरवा. आणि मे महिन्यात, ज्या दुपारी मेपलची काडी होते, त्या दुपारी कुसुंबाखाली गच्च सावली असते. पाऊस यायला महिना असताना एवढी पानं तो कुठल्या पाण्यावर काढतो? खोल गेलेल्या मुळांच्या. कूलर लागत नाही.

ही सावलीच मला रंगापेक्षा महत्त्वाची वाटते. नागपूर दक्षिणेकडे भराभर पसरतंय. नवी लेआउट्स बघा: सिमेंटचा रस्ता, कडेला पेव्हर ब्लॉक, दारात दोन शोभेचे पाम आणि कुंडीत काहीतरी परदेशी. चाळीस घरांत मिळून उन्हात उभं राहायला एक झाड नाही. दूधवाला, भाजीवाला, डिलिव्हरीचा पोरगा, सगळे मे महिन्यात विजेच्या खांबाच्या सावलीत तिरपे उभे. दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर घर, गाडी, बोअर सगळं बसवल्यावर झाडाला एकच जागा उरते. ती जागा ज्याला दहा वर्षं सलाइनवर ठेवावं लागेल अशा झाडाला द्यायची?

कुसुंबाचे तोटेही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. तो सावकाश वाढतो. मोठा होतो, म्हणजे खरंच मोठा, तीन मजल्यांच्या वर. भिंतीला चिकटून लावायचं झाड नाही ते. बाजारातल्या नर्सरीत विचाराल तर नर्सरीवाला आधी तुमच्याकडे बघेल, मग बोगनवेल दाखवेल. त्याची जागा लेआउटच्या मोकळ्या मैदानात, रस्त्याच्या रुंद कडेला, शाळेच्या आवारात. घरापुढे लहान जागा असेल तर तामण लावा. राज्याचं फूल आहे, उन्हाळ्यात जांभळं फुलतं, आणि थंडीत गळायच्या आधी त्याची पानं तांबूस होतात. किंवा बहावा. आणि कुंडीतच काही हवं असेल तर अडेनियम. आपला मे त्याला सुट्टीसारखा वाटतो.

आमच्या लेआउटच्या मीटिंगमध्ये मी कुसुंबाचा विषय काढला होता. एक काका म्हणाले, 'पण हे मोठं होईस्तोवर आम्ही कुठं राहतो?' दुसरे म्हणाले, माकडं येतील. तिसऱ्यांना पार्किंगची काळजी. तासभर भांडण झालं आणि शेवटी तीन खड्ड्यांना परवानगी मिळाली, पाणी घालायची जबाबदारी अर्थात माझी. आता ताज्या बिया हव्यात. फळ पिकलं की लगेच पेराव्या लागतात, सोटमूळ पटकन खोल जातं म्हणून पिशवी उंच घ्यावी लागते, आणि पहिली दोन वर्षं बकऱ्यांपासून राखावं लागतं.

तेव्हा ज्यांना बघायचंय त्यांनी मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी पहाटे पाचला निघायच्या तयारीने मला मेल टाका. गाडीत चार जागा आहेत. मेपलवाला आमचा तो मुलगा येतोय, त्याने पुढची सीट आधीच सांगून ठेवली आहे.